विश्लेषणात्मक निबंधाचे अध्यापन

विश्लेषणात्मक निबंध म्हणजे एका प्रश्नाला दिलेले सकारण उत्तर. माहिती, वर्णन, दाखले, सुभाषिते हे सगळे त्यात येऊ शकते, पण त्या उत्तराला हातभार लावण्यापुरतेच. ‘पाणी हेच जीवन’ हा विषय आहे. त्यावर दोन पाने लिहून झाली तरी काहीही सिद्ध झालेले नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तरीही मराठवाड्यातला शेतकरी ऊस का लावतो, हा मात्र प्रश्न आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर बाजू घ्यावी लागते, कारणे शोधावी लागतात, त्यांतले मुख्य कोणते आणि किरकोळ कोणते हे ठरवावे लागते. शाळा-महाविद्यालयांतून निबंध शिकवण्याची जी पद्धत रुळली आहे ती विषयाभोवती रुळलेली आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधांची बांधणी ढिली का असते, याचे उत्तर बरेचसे तिथेच सापडते. विषयाला स्वतःचा क्रम नसतो. त्यात कोणताही परिच्छेद कुठेही बसवता येतो. प्रश्नाचे उत्तर देताना आधी काय सांगावे लागेल आणि नंतर काय, हे उत्तरच ठरवते.

मराठीला अशा लेखनाची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. १८४८ पासून लोकहितवादींची ‘शतपत्रे’ ‘प्रभाकर’मधून येऊ लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि निबंध हा मराठी गद्याचा मानबिंदू झाला. विष्णुशास्त्र्यांची लेखणी प्रतिपक्षावर तुटून पडण्यात जितकी रमते तितकी कारणमीमांसेत रमत नाही. ती बाजू गोपाळ गणेश आगरकरांनी भरून काढली. आधी ‘केसरी’त आणि १८८८ पासून ‘सुधारक’मध्ये ते एखादी रूढी घेतात, तिच्या समर्थनार्थ दिली जाणारी कारणे एकेक करून तपासतात आणि मग आपला निष्कर्ष मांडतात. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे धर्मव्यवहारात आणि सरकारी कारभारात शोधतो, त्याच्या घरादाराची प्रत्यक्ष स्थिती दाखवतो आणि शेवटी उपायांकडे येतो. या पुस्तकाची भाषा रांगडी असली तरी मांडणीला कारण-परिणामाचा पक्का कणा आहे.

पुढे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टीं’नी लघुनिबंधाची चलती सुरू केली. वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी ती वाढवली. हे लेखन स्वैर, आत्मपर आणि खेळकर होते, आणि त्याचे सौंदर्यच मुळी विषयांतरात होते. क्रमिक पुस्तकांनी हाच नमुना उचलला आणि ‘चांगला निबंध’ म्हणजे लालित्यपूर्ण निबंध, असे समीकरण पक्के झाले. ‘मी पक्षी झालो तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘पावसाळ्यातला एक दिवस’ हे विषय त्याच वळणाचे. त्यांत गैर काही नाही. कल्पनेला व्यायाम हवाच. पण हीच सवय घेऊन विद्यार्थी जेव्हा इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या प्रश्नाकडे वळतो, तेव्हा दुष्काळाच्या कारणांवरचा निबंधही तो भेगाळलेल्या जमिनीच्या वर्णनाने सुरू करतो आणि कवितेच्या ओळीने संपवतो.

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे पर्याय असतात. तिसरा पर्याय खरे तर विश्लेषणाचा. पण शंभराच्या आसपास शब्दांत प्रतिपादन, पुरावा आणि आक्षेप यांना जागाच उरत नाही, शिवाय गाइडांतून तयार निबंध मिळतात. ‘आजच्या विज्ञानयुगात’ने सुरुवात, मध्ये फायदे, मग तोटे आणि शेवटी ‘नाण्याला दोन बाजू असतात’ हा साचा पाठ असला की गुण मिळतात. फायदे-तोट्यांची यादी म्हणजे विश्लेषण नव्हे. फायदा मोठा की तोटा, कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत, हे सांगायची वेळ आली की साचा गप्प बसतो.

याची किंमत पुढे स्पर्धा परीक्षांत मोजावी लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा स्वतंत्र पेपर २५० गुणांचा आहे. त्यात प्रत्येकी हजार-बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले, त्यानंतर पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ वर ढकलावी लागली. आंदोलकांची मुख्य तक्रार तयारीला वेळ नसल्याची होती, आणि ती खोटी नव्हती. बहुपर्यायी प्रश्नांवर वर्षे घालवलेल्या उमेदवाराला सलग आणि बांधेसूद लिहिणे काही महिन्यांत जमत नाही.

बांधणी शिकवायची तर तिची चौकट बाहेरून आणण्याची गरज नाही. न्यायदर्शनातले पंचावयव वाक्य त्यासाठी तयारच आहे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो; जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात; या डोंगरावरही तसाच धूर आहे; म्हणून तिथे अग्नी आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली ती या पंचावयव चौकटीच्या बरीच जवळ जाते. दावा, त्याला आधार देणारी वस्तुस्थिती आणि या दोहोंना जोडणारा नियम हे टूलमिन यांच्या मांडणीचे गाभ्याचे घटक. शिवाय दाव्याची मर्यादा आणि अपवाद यांनाही तिच्यात स्थान आहे. विद्यार्थ्यांच्या लेखनात जोडणारा नियमच बहुतेक वेळा गळतो. ते दावा करतात, आकडा देतात आणि त्या आकड्यावरून तो दावा कसा निघतो हे सांगायचे विसरतात.

मीमांसकांचे अधिकरण, म्हणजे एका प्रश्नाच्या चर्चेची त्यांची ठरलेली रचना, निबंधाला आणखी सोयीचे आहे. विषय, त्याबद्दलचा संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती अशी त्याची पाच अंगे आहेत. त्यातला संशय म्हणजेच वर सांगितलेला प्रश्न. पूर्वपक्षाला इथे स्वतंत्र आणि मानाची जागा आहे: प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडायचे, मगच सिद्धान्ताकडे वळायचे. या शिस्तीची आधुनिक मराठी रूपे वर्गात वाचायला देता येतात. नरहर कुरुंदकरांचे लेख त्यासाठी उत्तम, कारण आपल्याला न पटणारे मत ते त्या मताच्या समर्थकापेक्षाही नेटके मांडतात. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही तसेच. महाभारतातली एक व्यक्ती घ्यायची, तिच्या वागण्यातली विसंगती दाखवायची आणि त्या विसंगतीचा उलगडा करत जायचे, ही त्यातल्या अनेक लेखांची चाल आहे.

एकच नमुना निवडायचा झाला तर तो बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधाचा निवडावा. तो मूळ इंग्रजीत आहे, पण मराठीतही वाचायला मिळतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी तो वाचला, आणि पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. लेखक तेव्हा पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते, ही बाब आजच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावी अशी.

या निबंधाचा सांगाडा फळ्यावर मांडून दाखवता येतो. सुरुवातीला सेनार, नेसफील्ड, रिसले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या येतात. त्या फक्त उद्धृत करून सोडलेल्या नाहीत; प्रत्येकीत काय निसटले हे सांगितले आहे. केतकरांची व्याख्या त्यांतल्या त्यात जवळची ठरते. तिच्यातली दोन लक्षणे, म्हणजे आंतरजातीय विवाहबंदी आणि जन्माने मिळणारे सदस्यत्व, वस्तुतः एकच आहेत, असे दाखवून लेखक एका लक्षणावर येतो: जातीचे सार जातीअंतर्गत विवाहात आहे. हा झाला दावा. इथे थांबला असता तर निबंध व्याख्येपुरताच राहिला असता. पण लेखक पुढचा प्रश्न विचारतो: एखाद्या गटाला हा नियम टिकवायचा असेल तर त्याच्यापुढे कोणती अडचण उभी राहील? गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवण्याची. जोडीदार मेल्यावर मागे उरणारी स्त्री किंवा उरणारा पुरुष ती जुळणी मोडतो. मग सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या अडचणीवरचे उपाय म्हणून समजू लागतात. सुट्या वाटणाऱ्या तीन रूढी एका कारणाने बांधल्या जातात. नंतर जातीचा प्रसार कसा झाला हा प्रश्न येतो, आणि कोणा एका स्मृतिकाराने जात निर्माण केली हे मत बाजूला सारून अनुकरण आणि बहिष्कार यांच्याकडे बोट दाखवले जाते.

विद्यार्थ्यांनी यातून उचलायचे ते इतकेच की इथे प्रत्येक भाग आधीच्या भागातून निघालेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. परिच्छेदांची अदलाबदल करून पाहिली तर निबंध कोसळतो. बांधणीची याहून चांगली परीक्षा वर्गात घेता येणार नाही.

लेखन शिकवण्यावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत, मुख्यतः अमेरिकेत, पुष्कळ संशोधन झाले. १९६३ मध्ये ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी तोवरच्या अभ्यासांचा धांडोळा घेतला. सुटे व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारत नाही, त्या वेळात लेखनाचा सराव बुडतो म्हणून उलट नुकसानच होते, हा त्यांचा निष्कर्ष खूप गाजला. १९८६ मध्ये जॉर्ज हिलॉक्स यांनी अध्यापनाच्या रीतींची तुलना केली. नुसते व्याख्यान फारसे कामाचे ठरले नाही, आणि ‘मनात येईल ते लिहा’ म्हणून मोकळे सोडल्यानेही थोडाच फायदा दिसला. ठोस सामग्री आणि ठरावीक प्रश्न देऊन लहान गटांत काम करवून घेणारी रीत सर्वांत सरस ठरली. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरचे प्रयोग एकत्र करून प्रत्येक उपायाचे परिणाममान काढले, म्हणजे त्या उपायाने लेखन किती सुधारले याचे माप; आकडा मोठा तितका परिणाम जास्त. आराखडा, खर्डा आणि फेरलेखन यांच्या युक्त्या उघडपणे शिकवणे ०.८२, सारांशलेखन शिकवणे ०.८२, जोडीने किंवा गटाने लिहिणे ०.७५, लेखनाला नेमके उद्दिष्ट देणे ०.७०, लहान वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याचा सराव ०.५०. नमुना-लेखांचा अभ्यास ०.२५ वर थांबला, आणि सुटे व्याकरण शून्याखाली गेले.

हे आकडे इंग्रजी वर्गांतले आहेत. ते जसेच्या तसे मराठी वर्गाला लावू नयेत. पण दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. सारांशलेखनाला मराठीच्या कृतिपत्रिकेत जागा आहे, पण ते कंटाळवाणे म्हणून पत्रलेखनाचा पर्याय घेतला जातो. दुसऱ्याच्या लेखाचा मुद्दा चार वाक्यांत सांगता येत नसेल तर स्वतःचा मुद्दा चार पानांत सांगता येणे कठीण. नमुन्यांच्या बाबतीत, नमुना नुसता वाचायला देऊन भागत नाही. वरच्यासारखा तो उकलून दाखवावा लागतो.

कॅनडातले बेराइटर आणि स्कार्डामालिया यांनी १९८७ मध्ये एक भेद मांडला, आणि शिक्षकाला तो रोजच्या कामात उपयोगी पडतो. नवखा लेखक विषय दिसला की आठवेल ते आठवेल त्या क्रमाने लिहितो. मुरलेला लेखक लिहिताना माहितीची पुनर्रचना करतो, कारण ‘काय म्हणायचे’ आणि ‘कसे म्हणायचे’ हे दोन्ही प्रश्न त्याला एकाच वेळी सोडवायचे असतात. पहिल्या प्रकारचा निबंध ओळखणे सोपे आहे. त्यातले परिच्छेद ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘त्याचप्रमाणे’ यांनी जोडलेले असतात. दुसऱ्या प्रकारात ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘याउलट’, ‘एवढ्याने भागत नाही, कारण’ असे सांधे दिसतात. जोडशब्दांची यादी पाठ करून घेण्याचा उपाय काही वर्गांत होतो. त्याने सांधे येतात, पण जोडायला काही नसते.

प्रत्यक्ष वर्गात सुरुवात दाव्यापासून करावी, आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. लातूरच्या उसाचाच प्रश्न घेतला तर विद्यार्थ्यांचा पहिला दावा बहुधा असा असेल: मराठवाड्यात उसाची समस्या गंभीर आहे. यावर कोणी वाद घालणार नाही, म्हणून तो दावाच नाही. दुसरा असेल: शेतकरी लोभापायी ऊस लावतो. हा दावा आहे, पण माणसाच्या मनात काय आहे याचा पुरावा कसा देणार? मग चर्चेतून तिसरा येतो: उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आणि ठरलेला खरेदीदार आहे, इतर पिकांना तशी खात्री नाही, त्यामुळे पाणी कमी असूनही शेतकऱ्याच्या हिशेबात ऊसच कमी धोक्याचा ठरतो. आता निबंधाचे भाग आपोआप दिसू लागतात. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवते आणि कारखान्याने तो चौदा दिवसांत द्यायचा असतो. तूर आणि सोयाबीन यांचा हमीभाव जाहीर होतो, पण सगळा माल त्या भावाने विकला जाईल याची शाश्वती नसते. अवकाळी पावसात सोयाबीन हातचे जाते, ऊस सहसा तग धरतो. पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी पाण्याच्या मापावर नसते, क्षेत्रावर असते, त्यामुळे जास्त पाणी वापरणाऱ्याला त्याची झळ बसत नाही.

मग आक्षेप. कारखाने पैसे थकवतात, तर खात्री कसली? ज्याच्याकडे विहीर, बोअर किंवा कालवा नाही त्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब लागू होतो का? पहिल्या आक्षेपाला उत्तर द्यावे लागते: थकलेले पैसे मागायला निदान कायद्याचा आधार असतो, बाजारात पडलेल्या भावाविरुद्ध दाद मागता येत नाही. दुसरा आक्षेप मान्य करावा लागतो आणि दावा ‘ज्याच्याकडे सिंचनाची सोय आहे तो शेतकरी’ इथपर्यंत आखडता घ्यावा लागतो. दावा आखडता घेणे म्हणजे हार, असे वक्तृत्व स्पर्धांवर वाढलेल्या मुलांना वाटते. विश्लेषणात तीच प्रगती असते, आणि हे त्यांना एका तरी निबंधात करून पाहायला लावले पाहिजे.

आराखडा यानंतर येतो, आणि तो शब्दांचा नसून वाक्यांचा असावा. ‘प्रस्तावना, कारणे, परिणाम, उपाय, समारोप’ ही पाच शीर्षके कोणत्याही विषयाला चालतात, म्हणून ती कोणत्याच विषयाला उपयोगी नाहीत. अमेरिकी शाळांत पाच परिच्छेदांचा ठोकळा असाच रूढ आहे: एक प्रस्तावना, तीन मुद्दे, एक समारोप. घाबरलेल्या नवशिक्याला तो आधार देतो हे खरे. पण उत्तरात मुद्दे दोनच असले तर तिसरा ओढून आणावा लागतो, आणि मुद्दे एकमेकांतून निघण्याऐवजी शेजारी-शेजारी उभे राहतात. फ्रान्समध्ये बाकालोरेआ या शालान्त परीक्षेतल्या तत्त्वज्ञानाच्या चार तासांच्या पेपरात पक्ष, प्रतिपक्ष आणि समन्वय असा त्रिखंड आराखडा परंपरेने चालत आला आहे. तोही साचाच, पण त्यात निदान प्रतिपक्षाला टाळता येत नाही.

परिच्छेदाबद्दल थोडक्यात. एका परिच्छेदाचे एकच काम, ते काम सांगणारे वाक्य सुरुवातीला किंवा सुरुवातीजवळ, मग पुरावा, मग पुराव्याचा अर्थ. तिसरा भाग सर्वाधिक गाळला जातो. समासात शिक्षकाने ‘मग काय?’ एवढेच लिहिले तरी विद्यार्थी तो भाग लिहू लागतो. प्रस्तावना शेवटी लिहावी, हा जुना सल्ला बरोबर आहे. आपण काय सिद्ध करतो आहोत हे लिहून झाल्याशिवाय पुष्कळदा कळत नाही.

फेरलेखन हा मराठी वर्गातला सर्वांत दुर्लक्षित भाग. वहीत पेनाने ‘फेअर’ लिहिण्याची सवय असल्यामुळे पहिला खर्डा हाच शेवटचा ठरतो, आणि सुधारणा म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणे असा समज होतो. लेखनाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये हेच नोंदवले होते: विद्यार्थी शब्द बदलतात, अनुभवी लेखक युक्तिवादाचा आकार बदलतात. यावर उलटा आराखडा हा सोपा उपाय आहे. खर्डा लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदासमोर त्याचे म्हणणे एका वाक्यात लिहायचे आणि ती वाक्ये सलग वाचायची. दोन वाक्ये सारखी निघाली तर एक परिच्छेद जास्त. मध्ये उडी जाणवली तर एक कमी.

तपासणीत खरी अडचण संख्येची आहे. साठ मुलांच्या वर्गाचे निबंध नीट वाचायचे तर शिक्षकाचा आठवडा जातो, म्हणून लाल रेघा आणि ‘छान’, ‘विस्तार हवा’, ‘अक्षर सुधारा’ एवढ्यावर काम आटोपते. असे शेरे कोणत्याही वहीत खपतात, आणि विद्यार्थ्याला त्यातून करण्यासारखे काही मिळत नाही. वाट निघते ती काम लहान करून. एका वेळी एकच परिच्छेद लिहून घ्यावा आणि एकच गोष्ट तपासावी: एकदा फक्त दावा, एकदा फक्त पुरावा आणि त्याचा अर्थ. नाव झाकून एक खर्डा फळ्यावर घ्यावा आणि सगळ्या वर्गाने तो दुरुस्त करावा. जोडीदाराची वही वाचून ‘तुझे म्हणणे मला असे समजले’ एवढेच एका वाक्यात लिहायला सांगितले तरी लेखकाला आपले कुठे चुकले ते कळते. शुद्धलेखनाचे गुण वेगळे ठेवावेत. नाहीतर प्रमाणभाषा घरी न बोलणाऱ्या मुलाचा चांगला युक्तिवाद वेलांटीपायी मारला जातो. खर्ड्यात बोलीत विचार करू द्यावा, प्रमाणभाषेकडे फेरलेखनात वळावे.

भाषेचा आणखी एक पेच महाविद्यालयात उभा राहतो. संदर्भसाहित्य इंग्रजीत आणि उत्तर मराठीत, असे असले की विद्यार्थी भाषांतर करत लिहितो आणि परिभाषेच्या ओझ्याखाली त्याचा स्वतःचा आवाज दबतो. आधी वाचलेले पुस्तक मिटून त्यातला मुद्दा मराठीत तोंडी सांगायचा, मग लिहायचा, या क्रमाने हे ओझे बरेच उतरते.

मागणीबरहुकूम निबंध लिहून देणारी संगणकीय साधने आल्यापासून घरी लिहिलेल्या निबंधाला गुण द्यावेत का, हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो. गाइडातून उतरवलेल्या निबंधाबाबत तो आधीही होता, फक्त इतका उघड नव्हता. यंत्राने लिहिलेला निबंध वरवर बांधेसूद असतो, त्यामुळे निव्वळ बांधणीला गुण देणारी तपासणी आता निरुपयोगी ठरते. प्रश्न स्थानिक आणि नेमका ठेवणे, म्हणजे गावच्या बाजार समितीतल्या एका हंगामाच्या भावांवर किंवा आजीच्या पिढीतल्या शाळागळतीवर लिहायला लावणे, हा एक मार्ग. आराखडा, खर्डा आणि फेरलेखन तिन्ही वर्गातच करून घेऊन एकत्र गुण देणे, हा दुसरा. आणि निबंध दिल्यावर पाच मिनिटे तोंडी विचारणा: हा परिच्छेद काढला तर काय बिघडेल, या आकड्याऐवजी उलटा आकडा निघाला असता तर दावा टिकला असता का, सर्वांत अडचणीचा आक्षेप कोणता वाटला आणि तो कुठे घेतला. ज्याने निबंध स्वतः रचला आहे त्याला या प्रश्नांची तयारी वेगळी करावी लागत नाही.